आत्याच्या भरीव चांदण्या

आत्या गाणं ऐकायला बसली की तिच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही दिसायचा नाही. डोळे बारीक, उजवा कान स्पीकरकडे, आणि अंगठा तर्जनीवर घासत राहायचा, जणू बोटांत काहीतरी धरलंय आणि त्याची धार बघतेय. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंना कुणीतरी वाईट बातमी सांगतंय. गाणं संपलं की ती म्हणायची, "अजून दोनदा." मग पुढच्या आठवड्यात कधीतरी, तिसऱ्यांदा ऐकून झालं की निकाल लागायचा. "तीन." किंवा, "दोन, तीसुद्धा तबलजीमुळे." पाच म्हणताना मी तिला फार कमी वेळा ऐकलं, आणि म्हणाली तेव्हाही आवाज असा की वाण्याकडे पाच अंडी मागतेय.

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये तिला सगळे इन्स्पेक्टर म्हणायचे. पोरांना बरीच वर्षं वाटत होतं की ती पोलिसात आहे, आणि तिने तो गैरसमज कधी दूर केला नाही, कारण त्यामुळे तिच्या खिडकीखाली क्रिकेट होत नव्हतं. खरं तर तिने सगळी नोकरी साकीनाक्याला एका कारखान्यात केली. कारखाना म्हणजे काय, गल्लीच्या आत पत्र्याचे दोन गाळे, तिथे गॅसचे पितळी व्हॉल्व्ह बनायचे. ती पॅकिंगला लागली आणि काही वर्षांत तपासणीच्या टेबलावर गेली. हातात गेज, म्हणजे मापाची एक पोलादी कांडी. तिचं एक टोक व्हॉल्व्हच्या भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं टोक जाता कामा नये. दोन्ही जमलं तर तपासणाऱ्याचा शिक्का मारायचा. तिच्या शिक्क्याचा माल तिथे कुणी दुसऱ्यांदा बघायचं नाही, हे ती सांगायची, आणि तिच्या कारखान्यातल्या गायकवाडबाईही सांगायच्या, म्हणून मी मानते.

रिटायर झाल्यावर तिने कॉम्प्युटर घेतला आणि घरातल्या खोकेभर कॅसेट एकेक करून त्यात भरल्या. नंतर लोकांच्या सीडी आल्या, पुतण्या-भाच्यांचे पेनड्राइव्ह आले, आणि बघता बघता सहा हजारांवर गाणी झाली. त्या कॉम्प्युटरवरच्या गाण्यांच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक गाण्यापुढे एक ते पाच स्टार देता यायचे. सगळं जग त्यांना स्टार म्हणतं, आत्या चांदण्या म्हणायची. हे बटण तिला सापडलं त्या दिवशी, मला वाटतं, रिटायरमेंट संपली आणि बाई परत कामाला लागली.

नियम तिचेच होते. पहिल्या ऐकण्यात चांदणी द्यायची नाही. तीन वेळा ऐकायचं, तीन वेगळ्या दिवशी: एकदा सकाळी, एकदा जेवल्यावर, आणि एकदा डोकं तापलेलं असताना. "डोकं थंड असताना काय, चहाच्या किटलीचा आवाजपण बरा वाटतो," ती म्हणायची. तिसऱ्या ऐकण्यासाठी भांडण उकरून काढावं लागे, आणि त्यासाठी बहुतेक वेळा मी हाताशी असायचे. भांडण ऐन रंगात आलं की ही उठायची आणि म्हणायची, "थांब गो, तेवढं एक गाणं तपासून घेते." मला इतका संताप यायचा की विचारू नका.

एका चांदणीचं गाणं म्हणजे रिजेक्ट. पण ती ते पुसायची नाही. मी एकदा म्हटलं, "आवडत नाही तर काढून टाक ना, जागा तरी होईल." ती म्हणाली, "रिजेक्ट माल फेकायचा नसतो. लाल पेटीत ठेवायचा. फेकलास तर तोच माल चार दिवसांनी दुसऱ्या पेटीतून परत येतो, आणि परत तपासत बसा." माझं कॉलेजातलं अत्यंत लाडकं गाणं, ज्याच्यावर मी दोन वर्षं जीव टाकला होता, ते त्या लाल पेटीत होतं. मी हट्ट धरला, रुसले, गाण्याचा अर्थ समजावून सांगितला. "अर्थ चांगलो आसा," ती म्हणाली. मालवणीत उतरली की समजायचं, अपील फेटाळलं.

आणि एकही चांदणी नाही, म्हणजे नावापुढची जागा रिकामी, याचा अर्थ वाईट असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की हे अजून तपासलेलं नाही. आत्याच्या लेखी रिकामी जागा फार मानाची होती. "न ऐकलेल्याबद्दल बोलू नये" हे तिचं वाक्य होतं, आणि ते ती गाण्यांना लावायची तसंच बिल्डिंगमधल्या सुनांनाही लावायची. त्यामुळे गॉसिपच्या बाबतीत ती अगदी कुचकामी बाई होती.

चांदण्या मात्र गाण्यांपुरत्या राहिल्या नाहीत. लग्नातला मसालेभात, नवा डेंटिस्ट, नाक्यावरचा उसाचा रस, सगळ्याला निकाल. मला बघायला आलेला पहिला मुलगा निघून गेल्यावर आईने विचारलं, "कसा वाटला?" आत्या म्हणाली, "दोन. थोडं रिवर्क लागेल, पण ते त्याच्या आईने करायला हवं होतं." समीरला, म्हणजे ज्याच्याशी शेवटी मी लग्न केलं त्याला, तीन मिळाल्या. तो बिचारा दर दिवाळीला फराळाचं ताट तिच्या हातात देताना विचारायचा, "आत्या, अजून तीनच?" ती ताट घ्यायची, एक करंजी मोडून बघायची आणि म्हणायची, "बघू. अजून डोकं तापलेलं असताना बघितलं नाही तुला."

तिची एकच जिवाभावाची मैत्रीण, गायकवाडबाई. कारखान्यात पॅकिंगला होत्या, घाटकोपरला राहायच्या. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गाण्यांच्या सीडी त्या आत्याला आणून द्यायच्या. त्यातलं एक गाणं त्यांच्या सख्ख्या दिराने गायलं होतं, आणि घरात त्याचं कोण कौतुक. आत्याने रीतसर तीनदा ऐकलं आणि दोन चांदण्या दिल्या. बाईंनी विचारलं तेव्हा तोंडावर सांगितलंसुद्धा: "शब्द तीन, आवाज एक, मधलं धरून दोन." बाई आठ दिवस फोनवर आल्या नाहीत. नवव्या दिवशी दुसरी सीडी घेऊन दारात हजर. "चार सांगितल्या असत्यास तर ही आणलीच नसती," म्हणाल्या. "तुला कसं विश्वासाने विचारता येतं. आमच्या घरात सगळे टाळ्याच वाजवतात." मग दोघींनी मिळून ती सीडी ऐकली, आणि तिच्यातल्या एका गाण्याला आत्याने पाच दिल्या.

आत्याचा डावा कान कारखान्यानेच खाल्ला होता. तपासणीच्या टेबलामागे पॉवर प्रेस होती, आणि ती दिवसभर डाव्या बाजूला दणके घालायची. नोकरीत असतानाच तो कान गेला, पण उजवा शाबूत होता, त्यावर तिचं छान भागत होतं. सत्तरी गाठली आणि उजवाही मागे पडायला लागला. डॉक्टरने दोन-तीन तपासण्या केल्या आणि सांगितलं की हा कान हळूहळू जाणार, थांबवता येणार नाही. मशीन लावलं तर बोलणं कळेल, गाण्याचं सांगता येत नाही. तिने मशीन लावून एक गाणं ऐकून पाहिलं. "पिंपात बसून गातोय," एवढंच म्हणाली आणि मशीन डबीत ठेवून दिलं.

आणि नेमका त्याच वर्षी कॉम्प्युटरही कुरकुरायला लागला. सुरू व्हायला अर्धा तास घ्यायचा, मधेच निळा पडायचा. समीरने आणि मी तिला नवा लॅपटॉप घेऊन दिला. तिने बॉक्स उघडलासुद्धा नाही, आधी विचारलं, "चांदण्या येणार ना यात?"

मी म्हटलं, "गाणी येतील ना सगळी."

"गाणी बाजारात मिळतात," ती म्हणाली. "चांदण्या येणार का ते सांग. गाणी परत भरता येतील, पण परत तपासायची कशाने? हा कान आता तो राहिला नाही. बारा वर्षांचं काम आहे ते, आणि चांगल्या कानाने केलेलं."

तिच्या प्रश्नात तथ्य होतं. गाणं म्हणजे एक फाइल, ती उचलून कुठेही ठेवता येते. चांदण्या मात्र त्या फाइलमध्ये नसतात. त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या याद्यांमध्ये असतात. घर बदलताना सगळं सामान टेम्पोत चढतं, पण पोरांची उंची मोजून दाराच्या चौकटीवर मारलेल्या रेघा तिथेच राहतात, तसा प्रकार. त्यात तिचा जुना प्रोग्राम नव्या लॅपटॉपवर चालत नव्हता. म्हणजे दुसरा प्रोग्राम घ्यायचा आणि बारा वर्षांच्या चांदण्या एका यादीतून दुसऱ्या यादीत न्यायच्या.

आता मी काय साधी बाई आहे का? मी एका कुरिअर कंपनीत सिस्टिमचं काम बघते. लाखो पार्सलांच्या नोंदी या सर्व्हरवरून त्या सर्व्हरवर नेते, आणि एक पार्सल इकडचं तिकडे होत नाही. सहा हजार गाणी म्हणजे माझ्यासाठी चहा होईपर्यंतचं काम. तसं मी तिला सांगितलंही. "आत्या, तू निवांत बस. एकही चांदणी हलणार नाही, माझा शब्द." ती म्हणाली, "शब्द नको, माल दाखव."

रविवारी मी जुन्या कॉम्प्युटरवरून सगळी यादी बाहेर काढली. गाण्याचं नाव, फाइल कुठे आहे, चांदण्या किती. जुना प्रोग्राम चांदण्या शंभरात मोजत होता, तीन म्हणजे साठ. नवा पाचात मोजत होता. ते गणित बसवलं, फाइलींचे पत्ते बदलले आणि नव्या प्रोग्राममध्ये सगळं ओतलं. सगळं एकदम झकास. स्क्रीनवर आत्याची गाणी, त्यांच्यापुढे पिवळ्या चांदण्या. मी हात झटकले आणि तिला म्हटलं, "जुना डबा आता भंगारवाल्याला देऊन टाक, उगाच जागा अडवतो." ती "हो" म्हणाली.

पुढच्या रविवारी गेले तर बाईसाहेब तपासणीला तयार होत्या. लॅपटॉप माझ्यापुढे, तिची खुर्ची उलटी, पाठ स्क्रीनकडे. "पन्नास काढ," म्हणाली. "वरची नको काढूस. पेटीतला वरचा माल कोणीही चांगला लावतो. मधून काढ, तळातून काढ." मी मधूनच नाव उचलायचं, तिच्या उजव्या कानाशी मोठ्याने वाचायचं, आणि तिने आठवणीने चांदण्या सांगायच्या. मला आधी हसू येत होतं. मग येईना. एकामागून एक, बाई बरोबर. "तीन. दोन. चार, अंतऱ्यामुळे. एक. रिकामं आहे ते, अजून ऐकायचंय." सदतीस झाली, सदतीस बरोबर.

अडतिसाव्याला ती म्हणाली, "हे मी ऐकलेलं नाही."

स्क्रीनवर चार चांदण्या होत्या. मी सांगितलं.

"ऐकलेलं नाही," ती परत म्हणाली.

आणि मी, शहाणी, म्हटलं, "अगं आत्या, विसरली असशील. सहा हजार गाणी आहेत. सत्तर वय झालं तुझं."

ती अंगठा तर्जनीवर घासत बसली. मग म्हणाली, "लॉट परत."

माझं डोकं सणकलं. पन्नासात एक, तेही बहुतेक तिच्याच विसराळूपणामुळे, आणि ही अख्खं काम परत पाठवतेय. मी म्हटलं, "पन्नासात एक इकडेतिकडे झालं तर जग बुडत नाही." ती शांतपणे म्हणाली, "पन्नासातला एक व्हॉल्व्ह गळला तर तो कुणाच्यातरी स्वयंपाकघरात गळतो." मी पर्स उचलली आणि चहा न घेता निघाले. घरी समीरने विचारलं, "मग, तुला किती मिळाल्या?" त्या रात्री मी त्याच्याशीही बोलले नाही.

आठवडाभर मी तिला मेसेज केला नाही. शनिवारी तिचाच आला. "उद्या ये. जुनं काढून ठेवलंय."

जुनं म्हणजे जुना कॉम्प्युटर. तो भंगारात गेलाच नव्हता. दिवाणाखाली, चादरीत गुंडाळून, व्यवस्थित ठेवलेला होता. मी म्हटलं, "तू तर देऊन टाकते म्हणाली होतीस." ती म्हणाली, "मी हो म्हणाले. कधी ते कुठे म्हणाले? नवा गेज आला की जुना महिनाभर शेजारी ठेवायचा असतो. दोघांनी एकच माप दाखवलं की मग जुना टाकायचा. तुमच्या ऑफिसात असं नाही करत?"

आमच्या ऑफिसात असंच करतात. घरच्या माणसाचं काम म्हणून मीच केलं नव्हतं.

कॉम्प्युटर सुरू होताना दळण घातल्यासारखा आवाज करत होता. तिला तो ऐकू येत नव्हता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि माझं तोंड बघून तिला कळत होतं की लक्षण ठीक नाही. दोनदा बंद पडला. तिसऱ्यांदा प्रोग्राम उघडला. मी ते अडतिसावं गाणं शोधलं. त्याच्यापुढे चार चांदण्या होत्या, मी विजयी मुद्रेने तिच्याकडे वळणार, एवढ्यात तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. "नीट बघ."

त्या चांदण्या फिकट होत्या. करड्या, पोकळ, नुसती रेघ. वरच्या-खालच्या गाण्यांच्या मात्र गडद आणि भरीव.

"फिकट आहेत त्या मशीनच्या," आत्या म्हणाली. "एका कॅसेटमधल्या चार-पाच गाण्यांना मी चांदण्या दिल्या, की हे शहाणं उरलेल्यांना आपल्या मनाने सरासरी देऊन ठेवतं. मी तिकडे बघतच नाही. माझ्या भरीव."

"मग मला सांगायचं ना आधी."

"तू विचारलंस?"

मी नव्हतं विचारलं. घरी जाऊन मी बाहेर काढलेली यादी परत उघडली. मशीनने दिलेल्या प्रत्येक चांदणीखाली एक जास्तीची ओळ होती, 'हे हिशोबाने भरलेलं आहे' अशा अर्थाची. मी वरची शंभरेक गाणी बघितली होती, त्यात ती ओळ कुठे नव्हती, म्हणून पुढे बघितलंच नाही. पेटीतला वरचा माल. मोजलं तर चारशेच्या वर गाणी निघाली, जी आत्याने कधी ऐकलीच नव्हती आणि ज्यांच्यावर मी तिच्या नावाने पिवळ्या धमक चांदण्या लावून ठेवल्या होत्या. मला लाज वाटली. नोकरीत वीस वर्षांत वाटली नव्हती एवढी.

मी दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून परस्पर मुलुंडला गेले आणि तिला हे सगळं कागदावर लिहून दाखवलं. बोलून दाखवायची मला हिंमत होत नव्हती, आणि तिच्या कानाचं निमित्त चांगलं होतं. तिने कागद वाचला, घडी घातली. ओरडेल असं वाटलं होतं. ती हळूच म्हणाली, "म्हणजे त्यातलं एकही मी विसरले नव्हते."

"नाही गं."

"आठवडाभर माका वाटत होता, कानाबरोबर डोक्यापण चालला."

मग तिने सांगितलं, जे तिने तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. कान मागे पडायला लागल्यापासून ती दुपारी स्पीकर बंद ठेवून नुसती यादी वाचत होती. चार आणि पाच चांदण्यांची गाणी, एकेक नाव. नाव वाचलं की गाणं आत सुरू व्हायचं. सुरुवातीची पेटी, आवाज, मधली जागा, सगळं. "तीनदा ऐकलेलं आहे ना मी, कान देऊन. ते जात नाही," ती म्हणाली. "उजवा कान गेला की मला हेच पुरवायचंय. म्हणून चांदण्या हव्यात. कुठलं लावायचं ते त्या सांगतात. आता तूच बघ गो, या नव्या यादीत न ऐकलेल्या गाण्यापुढे चार चांदण्या दिसल्या, मी आत लावायला गेले, आणि आत काहीच वाजलं नाही. तर मी काय समजायचं?"

मी रडले. ती नाही रडली. ती उठली, चहा टाकला, आणि म्हणाली, "रडून झालं की रिवर्क कर."

रिवर्क केलं. त्या ओळीवरून मशीनच्या सगळ्या चांदण्या उचलल्या, तेवढ्या जागा रिकाम्या केल्या, आणि या वेळी जुना आणि नवा कॉम्प्युटर शेजारी ठेवून दोन्ही याद्या एकमेकींशी ताडून बघितल्या. मग परत तिची उलटी खुर्ची. पन्नास काढली, पन्नास बरोबर. मी उठणार तर म्हणाली, "अजून पन्नास." तीही बरोबर. "पास," ती म्हणाली, आणि महिना पुरा झाल्यावर तिने स्वतः भंगारवाल्याला हाक मारली. माझ्या त्या कामाला तिने किती चांदण्या दिल्या ते मी समीरला आजवर सांगितलेलं नाही.

त्या चारशे रिकाम्या जागांपैकी काही तिने भरल्या. उजवा कान थोडाफार साथ देत होता तोवर रोज एक गाणं लावायची. मग एके दिवशी सकाळी तिने पाच चांदण्यांचं जुनं गाणं लावलं, शेवटपर्यंत ऐकलं, आणि प्रोग्राम बंद केला. मला म्हणाली, "आज हे मला दोनचं वाटलं. गाणं तेच आहे. गेज झिजला." त्या दिवसानंतर तिने कुठल्याही गाण्याला चांदणी दिली नाही आणि दिलेली एकही बदलली नाही. मी म्हटलं, उरलेली मी ऐकून तुला सांगते, तू भर. तर म्हणाली, "ऐकीव माहितीवर? तुझ्या चांदण्या तुझ्या यादीत लाव. माझ्या यादीत रिकामं ते रिकामं."

म्हणून माझी यादी सुरू झाली. मीही तीनदा ऐकते, आणि तिसऱ्यांदा डोकं तापलेलं असतानाच, ज्याची सोय ऑफिसात उत्तम आहे. माझं ते कॉलेजातलं लाडकं गाणं तिच्या पद्धतीने ऐकलं. दोन. फार तर दोन. तिला सांगायला गेले तर ती इतकी खूश झाली की शेजारच्या काकूंना बोलावून त्यांनाही सांगितलं, ज्यांना यातलं ओ की ठो कळलं नाही.

आत्याला जाऊन आता दोन वर्षं होतील. झोपेत गेली, कुणाला त्रास न देता, जशी राहिली तशी. लोक मला म्हणतात, गाण्याची एवढी वेडी बाई आणि शेवटची तीन वर्षं ठार बहिरी, किती हाल झाले असतील. मी वाद घालत नाही. मला तिची एक दुपार आठवते. माझ्याकडे तिच्या घराची चावी असायची, बेल वाजवून उपयोग नव्हता म्हणून. मी दार उघडून आत गेले. घरात अगदी शांत होतं, पंख्याचासुद्धा आवाज नाही, वीज गेली होती. आत्या खिडकीशी लॅपटॉप उघडून बसली होती, बोट यादीतल्या एका नावावर, डोळे मिटलेले, आणि पायाचा अंगठा फरशीवर संथ ताल धरत होता. त्या चेहऱ्यावर तपासणी वगैरे काही नव्हतं. तिथे मी तिच्या तोंडावर कधी न पाहिलेला निव्वळ आनंद होता. मी पिशवी खाली ठेवली, तिच्या खांद्याला हात लावला. तिने डोळे न उघडताच हात वर केला आणि मला थांबवलं.

"थांब," म्हणाली. "अंतरा चाललाय."

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि गाणं संपायची वाट बघितली.